भिंत आधी, विष नंतर

आतड्याच्या पेशींवर द्राक्षातल्या विषाची परीक्षा करायला निघाली आहेस, तर पहिली गोष्ट ही की पेशी कुणाच्या आहेत याची खातरजमा स्वतः कर. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नकोस, आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून कुणी प्रेमाने फ्लास्क दिला तरी तो तपासल्याशिवाय आपल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नकोस. आपल्याकडे कितीतरी वर्षं 'इंटेस्टाइन ४०७' नावाची सेल लाइन माणसाच्या निरोगी आतड्याची म्हणून वापरली गेली. १९५७ मध्ये ती भ्रूणाच्या आतड्यापासून काढल्याची नोंद आहे. पण आज त्या नावाने जे वाढतं, ते हेला आहे. हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घेतलेल्या पेशी. हेला इतक्या जोमाने वाढतात की एक थेंब चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी थोड्या दिवसांत मूळच्या पेशी नामशेष होतात. अमेरिकेत स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या नावांच्या डझनभराहून जास्त सेल लाइन आतून हेलाच आहेत. त्यानंतरही आतड्याच्या नावाखाली हेलावर प्रयोग होत राहिले, प्रबंधही लिहिले गेले. तुझ्या प्रबंधावर ही वेळ येऊ नये म्हणून पेशी हातात आल्या की एसटीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी तपासणी करून घे, तिचा कागद वहीत चिकटव, आणि काम संपताना पुन्हा एकदा करून घे.

तुझ्या कामाला कॅको-२ लागेल. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गन फॉग यांनी ७२ वर्षांच्या एका रुग्णाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून ती काढली. मोठ्या आतड्याची ही पेशी लहान आतड्याची म्हणून कशी चालते, हे तुला व्हायव्हाला नक्की विचारतील. तिची खुबी अशी, की पेशी दाटीवाटीने वाढून एकमेकींना टेकल्या की त्यांचं वाढणं थांबतं आणि त्या बदलू लागतात. वरच्या अंगाला बारीक केसांसारखे उंचवटे येतात, लहान आतड्यातली विकरं तयार होतात, आणि शेजारणीशी घट्ट सांधे जुळतात. हे रूपांतर १९८३ मध्ये नोंदलं गेलं. १९८९ मध्ये हिडाल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींचा हा थर पडद्यावर वाढवून औषधं आतड्यातून किती पार जातात ते मोजायची वाट दाखवली. तुझं सगळं काम त्याच वाटेवरचं आहे.

कॅको-२ तुला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून मिळेल. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारं भांडार तिथे आहे. ऐंशीच्या दशकात ते उभं राहिलं, त्याआधी आपल्याकडे हे काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी चालायचं. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, ती देशातली पहिली मानली जाते. पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी पुढे १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटनाही काढली. हूडसमोर बसून मान अवघडली, की मी त्यांचं नाव मनात घेते. तूही घेत जा, कारण त्या काळात एसीची खोली मिळवणंही लढाई होती.

पुण्याहून नाशिकला पेशी आणायच्या तर गोठवलेली कुपी कोरड्या बर्फात येते, किंवा वाढता फ्लास्क येतो. फ्लास्क येणार असेल तर तो मीडियाने गळ्यापर्यंत भरलेला असावा. अर्धा भरलेला असला की चंदनापुरीच्या घाटात मीडिया हिंदकळतो आणि पेशी सुटून येतात. गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, मांडीवर घे. नाशकात पोचल्यावर लगेच ट्रिप्सिन लावायची घाई नको. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विसावू दे, सकाळी जादा मीडिया काढून घे आणि फेकू नकोस. पहिल्या एक-दोन वेळा नव्या मीडियात तो थोडा मिसळला तर पेशी लवकर रुळतात. पहिलं काम प्रयोगाचं धरू नकोस, गोठवणीचं धर. चार फ्लास्क झाले की कुप्या भरून द्रव नायट्रोजनमध्ये टाक, आणि निम्म्या कुप्या दुसऱ्या इमारतीतल्या टाकीत ठेव. नायट्रोजन संपत आला आणि पुरवठादार यायला उशीर लावतोय असं झालं, तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी हाच नायट्रोजन गावोगाव फिरत असतो हे लक्षात ठेव. त्या लोकांशी ओळख आधीपासून हवी. आणि बंद खोलीत एकटीने टाकी भरायची नाही. नायट्रोजन खोलीतला प्राणवायू ढकलून देतो आणि माणसाला कळतही नाही.

रोजच्या निगेत कॅको-२ जरा हट्टी आहे. फ्लास्क पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिलीस तर तिथेच त्यांचं रूपांतर सुरू होतं, मग पुढच्या पिढीत मिसळ होते, काही पेशी कोवळ्या, काही जून. म्हणून साधारण ऐंशी टक्के भरला की पॅसेज कर, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाट. फ्लास्क भरल्यावर दोन-चार दिवस मुद्दाम एक वेगळा ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघ. थराला ठिकठिकाणी घुमटासारखे फुगवटे आलेले दिसतील, फोकस थोडा वर-खाली केला की त्यांच्या कडा उमटतात. पेशी वरून खाली क्षार आणि पाणी ओढतात, खाली प्लास्टिक असल्याने पाण्याला जायला वाट नाही, म्हणून थर उचलला जातो. घुमट दिसले म्हणजे पेशींना वर-खाली कळू लागलं. नवीन माणसं त्यांना बुडबुडे किंवा बुरशी समजून फ्लास्क फेकतात.

पॅसेज क्रमांक लिहिल्याशिवाय फ्लास्क ठेवू नकोस. एका प्रकल्पाला दहा-पंधरा पॅसेजची खिडकी ठरव आणि तिच्याबाहेर गेली की गोठवलेली नवी कुपी काढ. सिरम एकाच लॉटचं, सगळ्या प्रकल्पाला पुरेल इतकं एकदम घे. पैसे एकरकमी जातात म्हणून गाईड कुरकुर करतील, तरी अडून बस. लॉट बदलला की थराचा घट्टपणा बदलतो आणि सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्यांशी आजचे जुळत नाहीत.

मायकोप्लाझ्माची तपासणी महिन्यातून एकदा, न चुकता. त्याने मीडिया गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, बारीक गाळणीतूनही निसटतो, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. तो असला की पेशी विषाला वेगळाच प्रतिसाद देतात आणि तू त्याचं श्रेय विषाला देऊन बसशील. बुरशीचं मात्र आपल्या नाशकात फार सांभाळावं लागतं. द्राक्षाच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच. बागेतून किंवा पॅकहाउसमधून नमुने घेऊन आलीस तर त्या दिवशी कल्चर रूममध्ये पाऊल नको. नमुन्यांची खोली वेगळी, अंगावरचा कोट वेगळा. इन्क्युबेटरच्या खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये चिमूटभर मोरचूद टाकलं की बुरशी धरत नाही. बोर्डो मिश्रणामुळे ते आपल्या घरात कायम असतंच, पण इन्क्युबेटरच्या कंपनीची हरकत नाही ना ते आधी विचार, काही धातूंना ते खातं.

लाइट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघायचा मोह आवर. दार बंद असेल तर आत ऊब बराच वेळ टिकते. लाइट आल्यावर मीडियाचा रंग बघ. लालसर असायचा तो जांभळट झाला असेल तर कार्बन डायऑक्साइड गेलेला आहे. त्या आठवड्याच्या थरावर प्रयोग करू नकोस, वहीत तारीख आणि वेळ लिही.

आता मुख्य काम. इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या खान्यात बसणाऱ्या सच्छिद्र पडद्याच्या वाटीत, पेशी पेरल्या की २१ दिवस थांबायचं. सतराव्या दिवशी थर छान दिसतो, गाईड परदेशी निघालेले असतात, आणि विष घालून टाकावं असं वाटतं. घालू नकोस. अर्धवट रूपांतर झालेल्या थरात वाहक प्रथिनं आणि सांधे दोन्ही पुरते बसलेले नसतात, त्यामुळे जे पार जाईल ते विषामुळे की कच्चेपणामुळे, ते तुला सांगता येणार नाही. पेरणी गुरुवारी कर म्हणजे एकविसावा दिवसही गुरुवारी येईल, आणि शुक्रवार-शनिवार पुढच्या तपासण्यांना मोकळा मिळेल. मीडिया एक दिवसाआड बदलायचा, त्यात रविवार आला तरी.

मीडिया बदलण्यालाही क्रम आहे. काढताना आधी खालचा, मग वरचा. घालताना आधी वरचा, मग खालचा. उलट केलंस तर खालच्या पाण्याचा दाब वर येतो आणि थर पडद्यावरून सुटतो. बारा खान्यांच्या प्लेटमध्ये वर अर्धा मिलिलिटर, खाली दीड मिलिलिटर. पिपेटचं टोक इन्सर्टच्या भिंतीला टेकवायचं, पडद्याला कधीच नाही. इन्सर्टखाली हवेचा बुडबुडा अडकला तर प्लेट किंचित तिरपी करून तो सोडव, नाहीतर तेवढ्या पेशी खालून उपाशी राहतात.

थर घट्ट झाला की नाही हे टीअरने कळतं, म्हणजे थरातून वीज जायला किती विरोध होतो ते मोजून. इलेक्ट्रोडचा लांब पाय बाहेरच्या खान्यात तळाला टेकलेला, आखूड पाय आत, पडद्यापासून अधांतरी, आणि इलेक्ट्रोड सरळ उभा. जरा कलला तरी आकडा बदलतो. बिनपेशींचा एक इन्सर्ट ब्लँक म्हणून रोज मोज. समज ब्लँक १२० ओहम, पेशींचा इन्सर्ट ५२०. वजाबाकी ४००. त्याला पडद्याच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १.१२ चौरस सेंटिमीटरने गुण. ४४८ ओहम चौरस सेंटिमीटर. पुष्कळ जण गुणाकार विसरतात किंवा भागाकार करतात आणि मग त्यांचे आकडे जगात कुणाशीच जुळत नाहीत. प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढल्या काढल्या मोजू नकोस. थंड होत जाताना विरोध वाढत जातो, आणि पहिल्या खान्याचा नि बाराव्या खान्याचा आकडा त्यानेच वेगळा येतो. वीस मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ दे, एसी रोज एकाच अंशावर ठेव. आणि एकट्या टीअरवर भागवू नकोस, ल्युसिफर येलोसारखा रंग वर घालून खाली किती उतरतो तेही बघ. शेततळ्याच्या अस्तराला एकच छिद्र असलं तरी तळं रिकामं होतं, तसं एका कोपऱ्यात पेशी नसल्या की त्या इन्सर्टमधून पार गेलेल्या विषाचा आकडा निकामी. तुझ्या प्रयोगशाळेने ठरवलेल्या मर्यादेखालचा इन्सर्ट बाजूला काढ. कितीही महाग असला तरी काढ.

विषाची परीक्षा म्हटलं की सगळे आधी पेशी मेल्या का ते बघतात. पण आतड्यात भिंत पेशी मरण्याआधी गळू शकते. बेदाण्यावर आणि द्राक्षावर काळ्या बुरशीमुळे येणारं ऑक्रॅटॉक्सिन ए घे. कॅको-२ ला ते दिल्यावर सांध्यांमधली क्लॉडिन ३ आणि ४ ही प्रथिनं निघून जातात आणि टीअर घसरतो, हे दिसलेलं आहे. जिवंत पेशींची टक्केवारी तेवढीच पाहिली असती तर हे सुटलं असतं. म्हणून प्रत्येक मात्रेला दोन्ही मोज, आणि प्रत्येक प्लेटमध्ये ईजीटीए दिलेला एक इन्सर्ट ठेव. ते कॅल्शियम काढून घेतं, सांधे उघडतात, टीअर कोसळतो. तो कोसळला नाही तर त्या दिवशी तुझं यंत्र किंवा तुझा थर बिघडलेला आहे.

मात्रेबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे सगळ्यात जास्त कागद वाया जातो. क्लोरपायरीफॉस आपल्या बागांना मिलीबगसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. युरोपने २०२० मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. समज, द्राक्षात किलोला १ मिलिग्रॅम अंश आहे आणि माणसाने पाव किलो द्राक्षं खाल्ली. पोटात गेलं पाव मिलिग्रॅम. आतड्यातलं पाणी अर्धा लिटर धरलं तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १.४ मायक्रोमोलर. आता बऱ्याच निबंधांत सुरुवातच १०० मायक्रोमोलरपासून असते. ते झालं लिटरला ३५ मिलिग्रॅम. तेवढं पोटात यायला एका बैठकीत साडेसतरा किलो द्राक्षं खावी लागतील. शिवाय क्लोरपायरीफॉस साध्या पाण्यात लिटरला जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळतं. बाकीचं खाली बसतं, प्लास्टिकला चिकटतं, किंवा सिरमच्या प्रथिनांना धरून राहतं. पेशींना किती मिळालं हे मग कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मात्रा ताटातून काढ. खाण्यात येईल तेवढी, तिच्या दहापट आणि शंभरपट, आणि त्यातली कुठली विरघळते ते आधी तपास. प्रयोग संपल्यावर वरचा मीडिया, खालचा मीडिया, पेशी आणि प्लास्टिक यांत किती सापडलं याची बेरीज कर. घातलं त्याचा हिशेब लागला पाहिजे. विष विरघळवायला घेतलेलं डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही.

२०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले ते क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे लिहोसिन. तेव्हा तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. घराघरात त्या वर्षीचा हिशेब अजून आठवतो. हा रेणू क्लोरपायरीफॉसच्या अगदी उलट आहे, त्याच्यावर कायम धन विद्युतभार असतो, पाण्यात सहज विरघळतो, आणि पेशीच्या स्निग्ध पडद्यातून सहज जात नाही. अशांना वाहक प्रथिनं लागतात किंवा सांध्यांमधल्या फटी. एकाच पद्धतीने दोन्ही तपासलेस तर एकाच्या बाबतीत तोंडघशी पडशील. आणि मर्यादा ओलांडली याचा अर्थ विषबाधा झाली असा होत नाही. ती मर्यादा बऱ्याचदा मोजणीच्या क्षमतेवर ठरलेली असते. हा फरक तुझ्या लेखात स्पष्ट यायला हवा, त्यावर माणसांचं पोट आहे.

द्राक्षाचा रस थेट पेशींवर घालू नकोस. अठरा ब्रिक्सच्या रसात लिटरला साधारण १८० ग्रॅम साखर असते. ग्लुकोज-फ्रुक्टोजचा रेणुभार १८०, म्हणजे जवळजवळ एक मोल. मीडियाचं परासरण २९० मिलिऑस्मोलच्या आसपास, रसाचं हजाराच्या वर, आणि वरून आंबट. पेशी साखरेने आणि आम्लाने आकसून मरतील आणि पाप औषधाच्या माथी जाईल. बिनफवारणीच्या बागेतला तोच वाण, तेवढ्याच गोडीचा, कंट्रोल म्हणून हवाच. सालीच्या आणि बियांच्या अर्काचं आणखी एक आहे. त्यातली पॉलिफिनॉलं मीडियात स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी त्याने मरतात. कॅटालेज घालून पाहिलंस आणि पेशी वाचल्या, तर ते विष बाटलीत जन्मलेलं होतं. जिवंत पेशी मोजायच्या एमटीटी रंगालाही हीच पॉलिफिनॉलं पेशींशिवाय जांभळा करतात, म्हणून बिनपेशींचे खाने रोज ठेव.

कॅको-२ कडून काय मागायचं नाही, तेही माहीत असू दे. तिच्यात सीवायपी३ए४ हे विकर फार कमी असतं, त्यामुळे शरीरात गेल्यावर जी विषं बदलून जास्त घातक होतात ती तिला कळत नाहीत. क्लोरपायरीफॉसचा खरा घाव मज्जासंस्थेवर बसतो, त्याच्या ऑक्सॉन रूपामुळे. आतड्याचा थर शाबूत राहिला म्हणून औषध निर्धोक, असं एक वाक्यही लिहू नकोस. तिच्यावर श्लेष्माचं आवरण नसतं, ते हवं तर एचटी-२९-एमटीएक्स पेशी सोबत पेर. त्याने टीअर उतरतो, पण तो माणसाच्या लहान आतड्याच्या जवळ जातो, कारण एकट्या कॅको-२ ची भिंत खऱ्यापेक्षा जास्त घट्ट असते. पचवलेला नमुना द्यायचा असेल तर इन्फोजेस्ट पद्धत वापर, मात्र पित्तक्षार आणि स्वादुपिंडाची विकरं पेशींना खाऊन टाकतात. नमुना पातळ कर, विकरं निष्क्रिय कर, आणि अन्नाशिवाय तेवढंच पित्त दिलेला कंट्रोल ठेव.

चिपवरच्या आतड्याचं आणि ऑर्गेनॉइडचं आकर्षण तुला वाटणारच. हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेने २०१२ मध्ये आतड्यासारखी हालचाल करणारी चिप केली, तीही कॅको-२ वरच. २०२३ मध्ये आपल्या सरकारने नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी अशा पद्धतींना जागा दिली, ही फार मोठी गोष्ट आहे. कीटकनाशकांची नोंदणी मात्र १९६८ च्या वेगळ्या कायद्याखाली होते आणि तिथे अजून प्राण्यांवरचे अहवाल लागतात. तिथली वाट उघडायची तर साध्या इन्सर्टवरचे आकडे आधी असे हवेत की नाशकात, पुण्यात आणि युरोपात कुणीही केले तरी तेच यावेत.

शेवटचं. एकेक औषध वेगळं तपासून झालं की मिश्रणाकडे ये, कारण खाणाऱ्याच्या ताटात एकच औषध येत नाही. कुठली मिश्रणं घ्यायची ते निबंधांतून शोधत बसू नकोस. तुझ्या बाबांची फवारणीची वही कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. गोडबार छाटणीपासून काढणीपर्यंत कुठल्या तारखेला काय मारलं, किती मिलिलिटर, काढणीआधी किती दिवस, सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. दिवाळीला येशील तेव्हा गेल्या तीन हंगामांची पानं मोबाइलवर काढून ने, आणि काढणीच्या आधीच्या साठ दिवसांत जी औषधं एकत्र पडली आहेत त्यांची पहिली यादी कर.